समासात

टिळक रोडवरच्या आमच्या लॅबची खिडकी
मी इथे लागल्यापासून उघडलेली नाही.
आत मी मेणाच्या ठोकळ्यांचे काप काढते,
तीन मायक्रॉन,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ.
कोमट पाण्यावर ते तरंगतात
आणि काच तिरकी धरून मी ते उचलते,
दुधावरची साय उचलावी तसे.

नाव डॉक्टर देतात. मी फक्त रंग देते.
पण एकवीस वर्षांत
जांभळं-गुलाबी थोडंफार वाचता येतंच.

निवृत्ती शेडगे, एकसष्ट.
स्वारगेटला रिक्षा, दिवसाला दोन बंडल बिड्या.
त्यांच्या पेशी बारीक, गर्द,
डब्यात दाबून भरलेल्या मोहरीसारख्या, एकमेकींना चेपत.
हा प्रकार धीर धरत नाही.
सापडतो तेव्हा बहुधा
पुढच्या गावी मुक्कामाला पोचलेला असतो.

रज्जाक तांबोळी, भोसरी.
ब्रेक लायनरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं,
घरी येताना भुवयांवर पांढरी भुकटी,
वर सिगारेट.
भुकटी आणि धूर यांची नुसती बेरीज होत नाही,
म्हणतात डॉक्टर, गुणाकाराकडे जाते.
मोठ्या श्वासनळीपाशी खवल्यांच्या पेशी,
मधेमधे गुलाबी भोवरे, थरावर थर.
त्यांना मोती म्हणतात.
कुणाला सुचलं असेल हे नाव,
आणि त्या दिवशी तो जेवला असेल का?

तिसरा ठोकळा इंदुमती खळदकरांचा.
चित्रकलेच्या बाई, बावन्न, नाना पेठ.
फुफ्फुसाच्या अगदी कडेला,
पेशी गोल करून बसलेल्या, मधे रिकामी जागा,
जणू ग्रंथी बांधायला घेतली आणि विसरल्या.
न ओढणाऱ्यांत सापडतो तो जास्त करून हाच.

परवा त्या स्वतः आल्या,
जनुकांच्या तपासणीसाठी ठोकळा न्यायला.
सोबतच्या भावाने हळूच विचारलं,
"मॅडम, दुसऱ्या कुणाचा तर नाही ना लागला?"
मी नंबर दोनदा ताडून पाहिला.
बाई बाकावर बसून हसल्या, मग खोकल्या.
"अहो, मी जेवणानंतर बडीशेपसुद्धा खात नाही.
तरी शेजारीण म्हणते, चोरून ओढत असतील."

आमच्या फॉर्मवर एकच चौकोन आहे.
धूम्रपान: होय / नाही.
बाईंच्या 'नाही'वर बरोबरची खूण, ठसठशीत, शिक्षिकेची.
त्या चौकोनात मावत नाही
सासऱ्यांची पत्त्यांची बैठक, खोलीभर निळा धूर
आणि चहा घेऊन आत जाणारी सून.
दीड खोलीत पेटलेला घासलेटचा स्टोव्ह मावत नाही.
शाळेपुढच्या चौकात सिग्नलला घुरघुरणारे टेम्पो,
बाईंची मावशी, जी "छातीने गेली" एवढंच घरात बोललं जातं.
आणि यातलं काहीच नसताना
पेशीची नक्कल उतरवताना कुठेतरी झालेली
एका अक्षराची चूक,
तीही नाही.

'होय'च्या चौकोनातही पुष्कळ काही मावत नाही.
शेडग्यांच्या मुलीला कुणी विचारलं नाही,
असं कसं झालं म्हणून.
सगळ्यांना आधीच माहीत होतं.
ती रिपोर्टचं पाकीट छातीशी धरून
लिफ्ट सोडून जिन्याने उतरली.

माझे अण्णा शेवटच्या फॉर्मवर 'नाही' लिहून गेले.
लहानपणी त्यांची काडेपेटी आणायचं काम माझं,
येताना एक काडी मी ओढून बघायची,
तो वास मला अजून आवडतो.
त्यांची काचसुद्धा मीच रंगवली.
हात कापला नाही. नंतर कापला,
घरी, भेंडी चिरताना.

काचेवर नाव आम्ही पेन्सिलीनेच घालतो.
पुढच्या द्रावणांत शाई धुऊन जाते,
पेन्सिल टिकते.

आज बाईंच्या फॉर्मच्या समासात
त्याच पेन्सिलीने मी लिहिलं:
स्टोव्ह. सासरे. मावशी. चौक.
जरा थांबून खाली: माहीत नाही.
मग शेडग्यांचा फॉर्म काढला.
समास तिथेही होता.